जुनी गाडी नावावर करताना: आरसी, वारस आणि चेसिसचा नंबर

आमच्या साताऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये १९६६ सालची फियाट अकराशे डिलाइट उभी असे. बाबांनी ती १९७४ मध्ये दादरच्या एका डॉक्टरांकडून घेतली, रोख पैसे मोजले आणि स्वतः चालवत खंबाटकी चढून घरी आणली. गाडी आमची आहे याबद्दल आम्हा तिघा भावंडांच्या मनात कधी शंकाच आली नाही. २०१९ मध्ये बाबा गेले. पुढे त्यांची फाइल उघडली, तर आरसी-टीसीच्या, म्हणजे नोंदणी आणि कराच्या, पुस्तकात नाव डॉक्टरांचंच! ४५ वर्षं गाडी आमच्या दारात होती आणि सरकारदरबारी ती दादरच्या पत्त्यावर उभी होती.

ती गाडी आईच्या नावावर व्हायला १४ महिने लागले. त्या काळात मी कायदा वाचला, आरटीओ कार्यालयांच्या खिडक्यांपुढे उभी राहिले, गॅरेजवाल्यांशी बोलले, आणि एक गोष्ट कळली. जुन्या गाडीचं इंजिन सुधारतं, पत्रा सुधारतो, गाद्या नव्या होतात, पण कागदांच्या साखळीतला तुटलेला दुवा वर्ष उलटेल तसा जोडायला अवघड होत जातो. कारण तो दुवा म्हणजे माणूस असतो. आणि माणसं जातात.

मालक कोण?

अमेरिकेत गाडीची दोन वेगळी कागदपत्रं असतात. एक 'टायटल', म्हणजे मालकीचा कागद. दुसरं रजिस्ट्रेशन, म्हणजे ती गाडी रस्त्यावर आणायची परवानगी. तिथे १९३२ च्या फोर्डची बॉडी एका शेतातून, इंजिन दुसऱ्या गाडीतून आणि चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, तिसरीकडून आणून हॉट रॉड उभी करणाऱ्यांचा मोठा छंद आहे, आणि त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच टायटल. व्हरमाँट राज्य बरीच वर्षं १५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला केवळ विक्रीच्या पावतीवर, तेही टपालाने, नोंदणी देत असे. देशभरातले लोक तिथून कागद करून घ्यायचे. २०२३ मध्ये राज्याने ती वाट बाहेरच्या राज्यांतल्या लोकांसाठी बंद केली. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वर्षाला पहिल्या ५०० अर्जांना खास सवलत मिळते, म्हणून जानेवारी उजाडताच लोक अर्ज घेऊन तयार असतात.

आपल्याकडे असे दोन कागद नाहीत. आरसी हाच एक कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक. (कर्जावर किंवा भाडेकरारावर घेतलेल्या गाडीपुरता अपवाद आहे.) तुम्ही पैसे दिलेत, पावती घेतलीत, गाडी ४५ वर्षं दारात ठेवलीत, तर व्यवहार म्हणून ती खरेदी खरी असेल. पण अपघात झाला, पोलीस आले, विम्याचा दावा उभा राहिला, की प्रश्न एकच विचारला जातो: आरसी कुणाच्या नावावर?

याचा फटका विकणाऱ्यालाही बसतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये एक प्रकरण आलं. नोंदणीकृत मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती. ती पुढे आणखी काही हातांतून गेली. आरसीवरचं नाव मात्र कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीच्या अपघातात एकाचा जीव गेला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच ठेवली. अपघातग्रस्त माणसाने खरेदीदारांची माळ शोधत फिरावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, असा त्यामागचा विचार, आणि मला तो पटतो. म्हणून जुनी गाडी, स्कूटर, बुलेट, काहीही विकून टाकली असेल आणि 'समोरचा करून घेईल नावावर' असं म्हणून विसरून गेला असाल, तर आजच नंबर टाकून ती कुणाच्या नावावर दिसते ते पाहा.

साखळी कशी असते आणि कुठे तुटते

साध्या विक्रीत दोन फॉर्म असतात. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने दिलेली सूचना. राज्यातल्या राज्यात असेल तर ती १४ दिवसांत आणि परराज्यात विकली असेल तर ४५ दिवसांत द्यायची. फॉर्म ३० म्हणजे हस्तांतराचा अर्ज. घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद मागायची. गाडीवर कर्ज असेल तर आधी फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा. जुन्या गाड्यांत हा बोजा फार छळतो. १९८० च्या दशकात एखाद्या सहकारी बँकेचं कर्ज घेतलेलं असतं, ते फेडलेलंही असतं, पण आरसीवरचा शिक्का तसाच राहिलेला असतो. मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. मग विलीन करून घेणाऱ्या बँकेकडे जाऊन 'बाकी नाही' असं पत्र मागावं लागतं. चिकाटी ठेवली तर ते मिळतं.

साखळी तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सह्या करून ठेवलेले कोरे २९-३०. विकणारा रिकाम्या फॉर्मवर सही करतो, घेणारा ते डिकीत ठेवतो, मग त्याच फॉर्मसकट गाडी तिसऱ्याला विकतो. आमच्याही फाइलमध्ये असाच एक पिवळा पडलेला फॉर्म निघाला. त्यावर डॉक्टरांची सही होती, तारीख नव्हती. मला वाटलं, काम झालं. ते झालं नव्हतं. फॉर्म जुन्या कायद्याखालचा होता आणि सही करणारे डॉक्टर १९९१ मध्येच वारले होते. मेलेल्या माणसाच्या सहीवर आजची तारीख टाकून अर्ज करणं ही सरळ फसवणूक आहे. मला ते 'करून देतो' म्हणणारे दोघे भेटले. तुम्हालाही भेटतील. त्यांना नाही म्हणा. त्या एका खोट्या तारखेने पुढची सगळी आरसी खोटी ठरू शकते.

मृत्यूनंतरचा खरा रस्ता वेगळा आहे आणि तो कायद्याने बराच सोपा ठेवलेला आहे. मालक गेल्यावर गाडीचा ताबा ज्याच्याकडे येतो त्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं. असं कळवलं असेल तर तीन महिने तो गाडी वापरू शकतो, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि आपण वारस असल्याचा पुरावा. बाकीचे वारस असतील तर त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर घेतात. वारसांत वाद असेल किंवा कार्यालयाला खात्री पटत नसेल, तर न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात ते अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम आठ या इंग्रजकाळच्या कायद्याखाली मिळतं. दोनशे वर्षांपूर्वीचा कायदा साठ वर्षांच्या गाडीच्या कामी येतो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आमच्या बाबतीत दोन मृत्यू होते. डॉक्टर गेलेले, बाबा गेलेले. आणि इथेच मला पहिल्यांदा नीट समजलं की मधली पायरी गाळता येत नाही. बाबांचं नाव आरसीवर कधी आलंच नव्हतं, त्यामुळे आम्ही 'बाबांचे वारस' म्हणून फॉर्म ३१ भरूच शकत नव्हतो. आधी डॉक्टरांच्या वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, मग त्या वारसाने ती आईला द्यायला हवी.

डॉक्टरांचे चिरंजीव पुण्यात सापडले. पंचाहत्तरीचे गृहस्थ. फोनवर गाडीचा नंबर सांगितला तर म्हणाले, "अहो, त्या गाडीत मी चालवायला शिकलो. अजून आहे ती?" त्यांच्या दोन बहिणी, एक मुंबईत आणि एक न्यू जर्सीत. न्यू जर्सीच्या ताईंनी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवलं. ज्या गाडीशी त्यांचा आता काही संबंध नव्हता तिच्यासाठी त्यांनी एक अख्खा दिवस घालवला, याचं ऋण मी विसरणार नाही. पण हेही खरं की आणखी दहा वर्षं आम्ही थांबलो असतो तर हा दुवा जुळलाच नसता.

मूळ मालकाचा काहीच पत्ता लागत नसेल तर काय? आधी मूळ कार्यालयातून गाडीचे पर्टिक्युलर्स काढा, म्हणजे नोंदवहीतला उतारा. त्यावर मालकाचं नाव, पत्ता, इंजिन आणि चेसिस नंबर, कर आणि बोजा हे सगळं मिळतं. साध्या अर्जाला उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच. एवढं करूनही माणूस किंवा वारस मिळाला नाही, तर दिवाणी न्यायालयातून मालकीची घोषणा मागणं हा सरळ उपाय उरतो. तो लांबचा आहे आणि वकिलाची फी आहे. गाडी त्या लायकीची आहे का हे ज्याने त्याने ठरवायचं.

संगणकात नसलेली गाडी

जुलै १९८९ पासून आजचे 'एमएच बारा', 'एमएच अकरा' असे नंबर आले. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. गोव्यातल्या जुन्या गाड्यांवर 'जीडीए' दिसतं ते गोवा-दमण एकत्र असतानाचं. असा नंबर पुसून नवा घ्यावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पत्ता किंवा मालक बदलला तरी जुना नंबर तसाच राहतो. नवा नंबर लागतो तो गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर. त्यासाठी मूळ कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. ती देण्याआधी कार्यालय पोलिसांकडून चोरीची तक्रार नसल्याचा अहवाल घेतं आणि कर थकला आहे का ते बघतं.

खरी अडचण वेगळीच असते. जुन्या गाड्यांची नोंद कागदी वह्यांत आहे, 'वाहन' या संगणकप्रणालीत नाही. आणि आज सगळं त्या प्रणालीतून चालतं. हस्तांतर, नूतनीकरण, फी, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट (महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते), प्रत्येक ठिकाणी नंबर टाकला की तो सापडायला हवा. सापडत नसेल तर मूळ कार्यालयात 'बॅकलॉग एंट्री' मागायची. तुमच्या हातातलं पुस्तक आणि त्यांच्याकडची वही ताडून पाहतात आणि मग नोंद संगणकात चढते. पुस्तक हरवलं असेल तर आधी पोलिसांत हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागावी लागते.

आमच्या गाडीची वही शोधायलाच पाच महिने गेले. मी सहा वेळा साताऱ्याहून एसटीने गेले. शेवटी ज्या लिपिकबाईंनी ती गोदामातून काढून दिली, त्यांनी पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. निळ्या शाईत, सुबक अक्षरात, १९६६ ची तारीख आणि डॉक्टरांचं नाव होतं. एवढी वर्षं कुणीतरी ती वही जपून ठेवली होती.

पेन्सिलीखाली उमटणारा नंबर

कागद जुळले तरी गाडीशी जुळायला हवेत. मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडतात, चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासतात. आकडे कागदावर उमटतात. यालाच चेसिस प्रिंट म्हणतात. ही प्रिंट आरसीतल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. चोरीच्या गाड्या याच ठिकाणी पकडल्या जातात. म्हणूनच निरीक्षक इथे सवलत देत नाहीत, आणि देऊही नये.

गाडी रंगवायला किंवा पत्राकामाला टाकणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. काम सुरू होण्याआधी त्या नंबराचा स्पष्ट फोटो काढा, पेन्सिलची प्रिंट काढून फाइलला लावा, आणि त्या जागेवर जाड चिकटपट्टी लावून पेंटरला सांगा की इथे ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग चालवायचं नाही, पुट्टी भरायची नाही. एका हौशी मित्राची बुलेट अशीच अडकली. हँडलजवळच्या हेडच्या नळीवरचा नंबर घासून गुळगुळीत झाला होता. नंबर पुन्हा ठोकून घेता येतो, पण आरटीओच्या लेखी परवानगीनेच. परवानगीशिवाय ठोकलेला नंबर म्हणजे छेडछाड. हेतू कितीही चांगला असो.

आमची अडचण इंजिनाची निघाली. १९८३ मध्ये इंजिन जाम झालं तेव्हा बाबांनी भंगारवाल्याकडून दुसरं तसलंच १०८९ सीसीचं इंजिन आणून बसवलं होतं. गाडी चालली, पण पुस्तकात जुनाच नंबर राहिला. त्याच जातीचं इंजिन बदलायला कायद्याची ना नाही, मात्र आधी परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद हवी, आणि बदली इंजिनाचा खरेदीचा कागद हवा. तो कागद नव्हता. चाळीस वर्षांनी भंगारवाला कुठून आणायचा? शेवटी धाकट्या भावाला आठवलं की मूळ इंजिनाचा ब्लॉक शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेला आहे. बाबांनी तो विकला नव्हता. मिस्त्रींनी तो कोरून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, आणि सात महिन्यांनी गाडी आपल्या मूळ इंजिनावर सुरू झाली. जुन्या गाडीचा सुटा झालेला नंबरवाला भाग कधीही भंगारात देऊ नका, हे मी त्या ताडपत्रीपाशी शिकले.

पासिंग की व्हिंटेज?

खासगी गाडीची आरसी पहिल्यांदा १५ वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण, ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो. निरीक्षक ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर आणि नंबर तपासतात. १५ वर्षं झाली म्हणून महाराष्ट्रात खासगी गाडी बेकायदा होत नाही. दिल्ली परिसरातल्या निर्बंधांच्या बातम्या वाचून लोक इथे घाबरून चांगल्या गाड्या कवडीमोलाने भंगारात घालतात, ते पाहून जीव तुटतो. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली ती टॅक्सीसाठीच्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे. खासगी पद्मिनीला ती मर्यादा नाही.

खर्च मात्र वाढला आहे. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. आम्ही तेवढीच भरली. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारला १०,००० आणि मोटारसायकलला २,००० रुपये पडतात. परदेशी बनावटीच्या कारला ८०,०००. उशीर झाला तर कारला दरमहा ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये वेगळे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. म्हणून आरसी संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करणं केव्हाही स्वस्त.

दुसरी वाट जुलै २०२१ मध्ये उघडली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न करता मूळ रूपात ठेवलेली असेल, तर ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २० ने. सोबत विमा आणि जुनी आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री. राज्याची समिती गाडी पाहते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,०००, आणि वैधता १० वर्षं. आधी नोंद असलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. नव्याने नोंदवली तर राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरं येतात. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला २०२२ पासून थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात निम्मी सवलतही आहे.

कारचा लांबचा हिशेब मांडला तर व्हिंटेज स्वस्त दिसते. पण अट मोठी आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. १९३० ची ऑस्टिन किंवा १९५० च्या दशकातली डुक्कर फियाट मूळ रूपात जपलेली असेल आणि ती वर्षातून चार वेळाच बाहेर निघत असेल, तर व्हिंटेज नोंदणी घ्याच. तिचा मान तिला मिळतो. आमच्या आईला मात्र दर संकष्टीला वाईच्या गणपतीला त्याच गाडीतून जायचं होतं. म्हणून आम्ही साधं पासिंग केलं, आणि मला तोच निर्णय बरोबर वाटतो.

पीयूसीची भीती बाळगू नका. मार्च २००० पूर्वीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. कार्बोरेटर साफ आणि टायमिंग नीट असेल तर फियाट त्यात बसते. आमची बसली.

आणि हॉट रॉड?

इथे मला कटू पण खरं सांगावं लागेल. अमेरिकन अर्थाची हॉट रॉड, म्हणजे एकाची बॉडी, दुसऱ्याचं इंजिन आणि कापलेली चेसिस, भारतात रस्त्यासाठी नोंदवता येत नाही. कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चालतं ते एवढंच: परवानगी घेऊन त्याच जातीचं इंजिन, नोंद करून रंगबदल, आणि मान्यताप्राप्त संचाने सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर रूपांतर.

सगळ्यात जास्त फसतात ते जीप घेणारे. बाजारात अस्सल जुनी 'विलीज' जीप म्हणून दाखवली जाणारी गाडी बऱ्याचदा नवी बॉडी, दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन आणि कुणा तिसऱ्याच जीपची आरसी असते. दिसायला देखणी, पेन्सिल फिरवली की उघडी पडते. लष्कराच्या लिलावातली जीप असेल तर तिची वाट वेगळी आहे. लष्करी गाड्यांची नोंद लष्कराकडे असते, पाटीवर वरच्या दिशेचा बाण असतो. ती नागरी नोंदणीत आणताना लष्करी अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१, लागतं. 'डिस्पोजलची आहे, कागद नंतर देतो' असं कुणी म्हणालं की तिथून निघा. फॉर्म २१ नसेल तर ती जीप कधीच तुमची होणार नाही.

अगदी शून्यातून गाडी बांधायची तर प्रारूपाची चाचणी आणि मान्यता लागते. ती देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. पण तो खर्च कारखानदाराला झेपणारा असतो. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली होती, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. तिचा व्हिडिओ २०२१ मध्ये देशभर पोचला. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, नियमांमुळे ती रस्त्यावर चालू देणार नाहीत हेही सांगितलं, आणि बदल्यात त्या कुटुंबाला नवी बोलेरो दिली. त्या कारागिराच्या हातांना सलाम. पण अशा हातांसाठी आपल्या नियमांत वर्षाला मोजक्या गाड्यांचीसुद्धा जागा नाही, हे मला खटकतं. कॅलिफोर्नियाने ५०० ची ठेवली, तशी सुरक्षेची तपासणी करून पन्नासांची इथे ठेवता येणार नाही का?

घेण्याआधी

कुणी जुनी गाडी दाखवली की मी आता इंजिनाचा आवाज नंतर ऐकते. आधी नंबर 'वाहन'मध्ये टाकून पाहते. मग पेन्सिल काढते. विकणाऱ्याचं नाव आरसीवर नसेल तर आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोलते. तो हयात आहे का, सही करायला येईल का, बोजा आहे का, कर कधीपर्यंत भरलाय. जुन्या टीसी पुस्तकावर दर वर्षाच्या कराचे शिक्के असत. त्यात मोठी रिकामी वर्षं दिसली तर थकबाकीचा आकडा कार्यालयाकडून लेखी मागते. पूर्ण पैसे हस्तांतराची पावती हातात आल्यावरच. यातलं एकही उत्तर मिळत नसेल तर गाडीची किंमत सुट्या भागांची, त्यापेक्षा एक रुपयाही जास्त नाही.

आमची नवी आरसी टपालाने आली. नंबर तोच, १९६६ चा. नाव आईचं. तिने चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "यात माझ्यानंतर कोण, ते कुठे लिहायचं?" २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं, हे मी तिला सांगितलं. पुढच्या सोमवारी ती माझ्यासोबत कार्यालयात आली, आणि ज्याला त्या ताडपत्रीखालचा ब्लॉक आठवला होता त्या धाकट्याचं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिलं.